कोरडा प्लॉट

स्प्रिंकलरचे फवारे कोरड्या प्लॉटवर फिरताना दिसले आणि शालूबाई बांधावरच थबकल्या. कोणाच्या हातून कॉक चुकून उघडा राहिला असेल, असं वाटून त्या धावत गेल्या आणि त्यांनी पाणी बंद केलं. मागून फार्मचे प्रमुख चंद्रशेखर सर तणतणत आले. कॉक त्यांनीच उघडायला लावला होता.

वरवट बकालजवळच्या या संशोधन फार्मवर शालूबाई एकोणीस वर्षं रोजंदारीवर होत्या. हरभऱ्याची न उमललेली कळी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, हे काम त्यांच्याइतक्या हलक्या हाताने कोणी करत नसे. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेने बोटांची सालटं निघत, पण कळी कधी गळत नसे.

कोरड्या प्लॉटमध्ये दोनशे चाळीस जातींचा हरभरा होता. काही बी इराणचं, काही इथिओपियाचं, काही आसपासच्या म्हाताऱ्यांकडून मूठमूठ मागून आणलेलं. पेरणीनंतर त्याला थेंबभरही पाणी द्यायचं नाही आणि कोण तग धरतं ते पाहायचं, हे संशोधन करणाऱ्या निशिगंधा मॅडमनी बायांना समजावून सांगितलं होतं. हे तिसरं, शेवटचं वर्ष. बहुतेक ओळींनी माना टाकल्या होत्या. सात-आठ ओळी मात्र अजून ताठ होत्या, त्यांचे घाटे भरत होते. सगळा खटाटोप त्या सात-आठ ओळींसाठी होता.

परवा मुंबईहून मोठे पाहुणे येणार, फोटोत सुकलेलं शेत दिसलं तर नाचक्की होईल, असं सरांचं म्हणणं. मॅडम हैदराबादला होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

"सायेब, बाकीचं सुकून राह्यलं म्हनूनच तं कोन टिकते ते समजते," शालूबाई म्हणाल्या. "आता सारंच हिरवं झालं तं निवडसान काय?"

"तुम्ही मजूर आहात. निंदायला जा."

कॉक पुन्हा उघडला. शालूबाई निंदायला गेल्या नाहीत. पाणी बंद होईपर्यंत त्या बांधावर उभ्या राहिल्या. तीन वर्षांची राखण डोळ्यांदेखत वाहून चालली होती.

पाहुणे आले तेव्हा सगळा प्लॉट टवटवीत उभा होता. सरांनी हात फिरवून दाखवला आणि सांगितलं, की हे सगळं वाण एक थेंबही पाण्याशिवाय असं वाढलंय. तोवर शालूबाई इतर बायांबरोबर मागे गप्प उभ्या होत्या. हे ऐकल्यावर त्या पुढे आल्या.

"पानी देल्लं याले. मंगळवारी. सव्वादोन घंटे."

एका पाहुण्याने घड्याळ पाहिलं. गाड्या गेल्यावर सरांनी शालूबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी निशिगंधा मॅडम शालूबाईंच्या घरी आल्या. या हंगामाच्या सगळ्या नोंदी बाद कराव्या लागणार होत्या, पुढच्या वर्षी पुन्हा पेरायला परवानगी मिळेलच याची खात्री नव्हती. शालूबाईंनी माफी मागितली तर सर त्यांना कामावर घेतील, हेही त्यांनी चाचरत सांगितलं.

"माफी काऊन मागू? खोटं मी बोलली का?"

मॅडमनी पिशवीतून प्लॉटची नोंदवही काढली, मंगळवारच्या तारखेपुढे पाणी दिल्याचं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून सही कराल का, असं विचारलं. फार्मच्या अशा वह्यांत एकोणीस वर्षं मजुरांची नावं नव्हती. रोज नुसतं 'महिला ६' किंवा 'महिला ८' लिहिलेलं असायचं.

शालूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि वही मांडीवर घेतली. शालू रामदास इंगळे. अक्षरं मोठी आली. आडनाव रकान्यात मावलं नाही, म्हणून ते त्यांनी सावकाश समासात लिहिलं.