शिडीची टाच

संघात सगळे मला ताई म्हणतात आणि पाठीमागे नकारघंटा. मला दोन्ही चालतं. बास्केटबॉल संघाची फिजिओथेरपिस्ट सगळ्यांची लाडकी असेल, तर ती कामचुकार आहे असं खुशाल समजावं. कोण खेळणार आणि कोण बाकावर बसणार हे सामन्याआधी मी कोचना सांगते. ते जाहीर झालं, की गावभर माझा उद्धार होतो.

त्या दिवशी अंतिम सामना होता आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, शिडी खेळणार का? शिडी म्हणजे आमचा कप्तान, दारातून आत येताना वाकावं लागणारा. बरेच दिवस त्याच्या टाचेमागची शीर सुजलेली होती. ती तुटली असती, तर खेळ राहिला बाजूला, घरी चिमुकल्या लेकीच्या मागे धावणंही कायमचं संपलं असतं. पण हा त्याचा शेवटचा हंगाम होता आणि चषक त्याने एकदाही उचललेला नव्हता.

दुखणं लपवण्यात खेळाडूंचा हात कोणी धरू शकत नाही. "दुखतंय का?" असं त्यांना विचारण्यात काही राम नसतो. म्हणून प्रत्येकाची एकेक खूण मी हेरून ठेवली आहे. एकाच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, दुसरा एकदम माझ्याच तब्येतीची चौकशी करू लागतो. शिडीला दुखलं की तो विनोद करतो. बोट मोडलं तेव्हा म्हणाला होता, "ताई, हे काढून ठेवा, जेवायच्या वेळी लावीन." आणि दुखत नसलं, की नुसती किरकिर. मलम गार आहे, टेबल आखूड आहे, तुमचे हात आहेत की पक्कड!

सकाळी मी त्याला जिना चढायला लावला, एका पायावर टाच उचलायला लावली, शीर अंगठ्याने दाबून पाहिली. एकही विनोद नाही. मी इतकी सुखावले, की तडक कोचकडे गेले आणि म्हणाले, "खेळेल."

"ताई, तुमच्या तोंडात साखर पडो," कोच म्हणाले.

सामन्याआधी मी त्याच्या घोट्याला टेप गुंडाळायला बसले. बाहेर प्रेक्षकांचा गलका वाढत होता. तो समोरच्या भिंतीकडे बघत मुकाट बसला होता, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. सकाळी विनोद नव्हता हे खरं, पण किरकिर तरी कुठे होती? मी टेप मुद्दाम करकचून ओढली. त्याच्या पायाची बोटं पांढरी पडली.

"कशी झालीय?"

"छान."

माझ्या हाताखालच्या कुठल्याही गोष्टीला तो कधी छान म्हणाला नव्हता. मी कात्री घेतली आणि टेप कापायला लागले.

"ताई, हे काय करताय?"

"तू खेळणार नाहीस."

"सकाळी तुम्हीच हो म्हणालात!"

"सकाळी तू मला गंडवलंस."

"मग काय करू? दुखलं की मी विनोद करतो, हे तुम्ही ओळखून आहात. ते न कळायला मी काय दुधखुळा आहे? जीव जात होता, तरी तोंड मिटून बसलो. फक्त आजचा दिवस, ताई. नंतर पाय गेला तर गेला."

"आणि लेकीला काय सांगशील?"

"माझ्या पायाच्या तुम्ही मालकीण नाही!"

खोलीतले बाकीचे खेळाडू बूट बांधता बांधता वळून पाहू लागले. कोच दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी फक्त दुसऱ्या एकाला हाक मारली. ते निदान ओरडले असते, तर मला बरं वाटलं असतं. तो चषक शिडीच्या हातात बघायची इच्छा मला काय कमी होती?

संघ मैदानात गेला. आम्ही दोघंच उरलो. मी त्याचा पाय मांडीवर घेतला आणि टाचेला बर्फ लावला. बाहेर शिट्टी वाजली, तसा तो ओंजळीत तोंड लपवून रडला. मी हात काढला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने जर्सीला नाक पुसलं.

"ताई, माणूस एवढा उंच असला, की टाचेतलं दुखणं डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागत असेल, नाही?"

मला हसायला आलं नाही.

"आत्ता पोचलं," तो म्हणाला.