ओट्यावरचा तांब्या

बोईसरच्या कारखान्यात आठवडाभर केमिकलच्या बाटल्या हुंगणारी वैष्णवी रविवारी मात्र तारापूरच्या जुन्या आळीची मालकीण व्हायची. मूळची अकोल्याची, इथे येऊन उणीपुरी तीन वर्षं झालेली. पण गाव बघायला आलेले हौशी पाहुणे मागे घेऊन बोळातून निघाली, की जणू हिच्या सात पिढ्या इथेच नांदल्या!

खरं तर सगळं सांगितलं होतं आळीतल्या पुंजारामआजोबांनी. महिनाभर त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांचाच चहा पिऊन तिने वही भरली होती. आजोबांनी एकच मागितलं होतं, "बाय, मानसं आनशील तवा मला पन बोलव. या ओट्याची गोष्ट मी सांगेन." ती हो म्हणाली होती. पण आजोबा एका वाक्यात चारदा खोकायचे, आणि मुंबईहून आलेली माणसं घड्याळ बघायची. म्हणून ती कोपऱ्यावरूनच बोट दाखवायची, "तो तुटक्या कोपऱ्याचा ओटा बघा," आणि सगळ्यांना दुसऱ्या बोळात वळवायची. असे चार रविवार गेले. दर वेळी मनाला टोचायचं, आणि दर वेळी ती स्वतःला बजावायची, पुढच्या खेपेला नक्की.

मेमधल्या या रविवारी दुसरा बोळ गटारासाठी खणून ठेवलेला. आजोबांच्या दारावरून जाण्यावाचून इलाज नव्हता. ओटा रिकामा दिसला तेव्हा तिला चक्क हायसं वाटलं. मग काय, जीभ सुटली. "नवरीची बैलगाडी इथे वळेना, तेव्हा सासऱ्याने स्वतःच्या ओट्याचा कोपरा फोडला. माझ्या संशोधनात सापडलं हे." लोकांनी फोटो काढले. उन्हाने सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती. ओट्यावर भरलेला तांब्या होता, वर पेला उपडा घातलेला. "वाटसरूंसाठी पाणी ठेवायचे पूर्वी. बघा, अजून ठेवतात!" असं म्हणत तिने पेला भरला आणि घटाघट पिऊन टाकला.

"बाय, ते त्येंचं पानी हाय."

दारात आजोबांची बायको रखमा उभी होती. कपाळावर कुंकू नव्हतं. मागे खोलीत पसरलेल्या पिठावर दिवा तेवत होता.

"हितंच गेले, ओट्यावर. आज पाचवा दिस. दहावं होईस्तोवर पानी ठेवतो आमी."

वैष्णवीने पेला ओट्यावर ठेवला. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. "आजी, मला माहीतच नव्हतं..."

"तुला कसं म्हाईत असनार? दर आयतवारी धुतलेला सदरा घालून बसायचे. कोपऱ्यावरून तुझा आवाज यायचा. म्हनायचे, आता येईल ती, आता बोलवील."

रखमाच्या आवाजात राग नव्हता. असता तर वैष्णवीला बरं वाटलं असतं.

"मॅडम, कोण वारलं?" मागून कोणीतरी विचारलं.

रखमाने तांब्या घेतला, विसळला, घरातल्या हंड्यातून भरून आणला आणि होता तिथेच ठेवला. मग तुटक्या कोपऱ्यापाशी बसली. "त्या गाडीत मी होते," ती पाहुण्यांना म्हणाली. मग वैष्णवीकडे वळली. "पन गोष्ट त्येंची. सांग आता, बाय. ते ऐकत असतील."

सगळे थांबले होते. चार रविवारांत एकदाही न घेतलेलं नाव आधी घ्यायला हवं, हे वैष्णवीला कळत होतं. तिने तोंड उघडलं. आताच पाणी प्यायलेला तिचा घसा कोरडा पडला होता, आणि नाव काही बाहेर येईना.