डाव्या पायाची ऊब

टिरेलांच्या तबेल्यात घोडा बाहेर काढण्याआधी त्याच्या पायांवरून हात फिरवायचा तो फक्त मॉसी टिरेलने. त्याच्या आधी त्याच्या बापाने, त्याआधी आजोबाने. पायाच्या नसेत ऊब म्हणजे आत इजा; ती लागली नाही, की मॉसी म्हणायचा, "थंड," आणि घोडा पळायला जायचा. बाकीची मरमर त्याच्या लेकीची, डर्वलाची. लीद काढा, बादल्यांतला बर्फ फोडा, कार्लो परगण्याच्या पावसात घोडे पळवून आणा, मग खरारा करा. चाळिशी उलटली, लग्न राहिलं, कंबर कामातून गेली. एवढ्या कष्टांच्या बदल्यात देवाने टिरेलांना एकच खरी चांगली घोडी दिली, ब्रॅकन.

शर्यतीच्या सकाळी ब्रॅकनच्या पायांना रात्री बांधलेल्या पट्ट्या सोडताना डर्वलाच्या बोटांना पुढच्या डाव्या पायामागे ऊब लागली. कोंबडी उठून गेल्यावर पेंढ्यात राहते, तेवढीच.

"डॅडी, हा पाय बघा बरं."

मॉसीने वाकून हात फिरवला. "थंड."

"नीट बघा ना."

"तुझ्या जन्माआधीपासून बघतोय. आता तू शिकव मला."

मग तो चहाकडे वळला आणि शेगडीवरची उकळती किटली त्याने फडक्याशिवाय उचलली. कडी तापून निघालेली. तळवा लालभडक झाला, तरी तो सावकाश चहा ओतत होता. डर्वलाच्या तेव्हा ध्यानात आलं. जन्मभर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले ते हात बधिर झाले होते.

सांगावं, असं ओठांवर आलं होतं. पण हात गेला तर ह्या माणसापाशी उरतं काय? ऊब पट्टीचीच असेल, अशी तिने मनाची समजूत घातली आणि घोडी गाडीत चढवली.

शेवटच्या कुंपणापर्यंत ब्रॅकन सगळ्यांच्या पुढे होती. कुंपण ओलांडून ती उतरली आणि तोच डावा पाय मोडला. माणसांनी भोवती हिरवा पडदा धरला, जनावरांचा डॉक्टर तिचा शेवट करायला आत गेला. डर्वला नुसता लगाम घेऊन बाहेर आली.

परतताना गाडीत मॉसीने विचारलं,

"सकाळी पाय गरम होता?"

"नाही डॅडी. थंडच होता."

"खोटं बोलू नकोस." त्याने हात मांडीवर उताणे ठेवले. "वर्ष झालं, ह्यांना काही कळत नाही. पण पट्ट्या तू सोडतेस. तुझा हात आधी लागतो. काही असलं तर तू बोलशील, ह्या भरवशावर मी थंड म्हणायचो."

"मी म्हटलं होतं, नीट बघा."

"ऊब आहे, असं नाही म्हणालीस."

डर्वलाला समोरचा रस्ता दिसेनासा झाला, तेव्हा तिने बाहीने डोळे पुसले आणि गाडी चालवत राहिली.

घोडी दमून येईल म्हणून सकाळी डर्वलाने तिच्या ठाणात जाड, कोरडा पेंढा पसरून ठेवला होता. आता तो तिलाच उचलावा लागणार होता.