लूर्डसमावशींच्या डब्यातली गोळी

मी तापाची गोळी बोलतेय. गोरी, गोल आणि चवीला कडूजहर. पोटावर मधोमध एक रेघ आहे, म्हणजे कारखान्यातच माझ्या नशिबी तुटणं लिहिलेलं!

वटार गावच्या लूर्डसमावशींनी मला केकच्या जुन्या डब्यात ठेवलं. त्यांचा नियम सरळ: मोठा जीव, मोठा तुकडा, छोटा जीव, छोटा तुकडा. आणि औषध कुणालाही द्यायचं तर आधी डोळे मिटून अख्खी प्रार्थना. ती मध्येच तोडायची घरात कुणाची छाती नव्हती. सून ॲनी शाळेत पन्नास पोरांना गप्प करते, पण प्रार्थना चालू असली की तीसुद्धा उंबऱ्यातच उभी राहते.

परवा सुंदरी मांजर बोक्याशी भांडली, तिच्या पायाला त्याचा चावा बसला आणि ती तापाने फणफणली. ॲनी जनावरांच्या डॉक्टरकडे विचारायला गेली. पण मावशींना कुठला धीर! "एवढासा जीव, हिला पाव तुकडा पुरे," म्हणत त्यांनी मला मोडलं. तो पाव तुकडा मांदेली माशाच्या पोटात लपवला, उरलेली मी डब्यात.

मी हादरलेच. माणसाचं यकृत मला साखरेचं एक शेपूट जोडतं आणि लघवीवाटे घराबाहेर काढतं. मांजराच्या यकृताला ते काम जवळजवळ जमतच नाही. तिथे माझं विष होतं, रक्त नासतं. पण ओरडायला मला तोंड कुठे?

मावशींनी बशी हातात धरून डोळे मिटले. आमेननंतर खायला मिळतं हे सुंदरीला पाठ. ती बशीवर नजर लावून बसली. प्रार्थना संपतच आली होती, तेवढ्यात ॲनी धापा टाकत दारात आली.

"मम्मी, आमेन म्हणू नका!"

मावशींनी एक डोळा उघडला. "काय गो, देवाच्या मध्ये बोलतेस?"

"डबा उघडा दिसतोय. त्या माशात तापाची गोळी आहे ना? डॉक्टर म्हणाले, मांजराला ती विष. चिमूटभर पण नको!"

मावशींनी बशी ॲनीच्या हातात दिली. "माझ्या हातानं मारली असती गो तिला," म्हणत त्या रडल्या. ॲनीने तो मासा केळीखाली खोल पुरला. सुंदरीला डॉक्टरकडे नेलं, तिचं औषध तिला मिळालं. आज ती ओट्यावर बसून मिशा पुसतेय.

तेव्हापासून रडून रडून मावशींचं डोकं मात्र ठणकतंय. आताच डबा उघडलाय, म्हणजे माझी निघायची वेळ झाली. जाता जाता एवढंच सांगते: मांजर म्हणजे छोटं माणूस नव्हे. औषध देण्याआधी तिच्या डॉक्टरला विचारा.

पाण्याचा पेला आला. मावशींनी डोळे मिटले, पण त्यांना शब्दच फुटेना. मग ॲनी शेजारी बसली, तिनेच सगळी प्रार्थना म्हटली, आणि आमेनही.