पेटीपुढचा उखाणा

आमच्या डोंगरकड्यात शालूबाईंना काही सुचलं की सगळी गल्ली कामाला लागते. यंदा सुचलं ते असं: सोलरवर पंप थोडाच वेळ चालतो, बाकीचं ऊन फुकट जातं, तर त्यावर पिठाची चक्की चालवायची. पण कंपनीने सोलरच्या पेटीला कुलूप घातलेलं, वीज फक्त पंपाला. ऊन काय कंपनीच्या बापाचं आहे? मी नुसती शेजारीण, तरी माझंच डोकं फिरलं.

बाळापूरहून शाकीर मेकॅनिक आला. त्याने पेटी उघडली, लॅपटॉप जोडला आणि तिथेच अडला. पेटी बोलायला लागली, "मालकाचं नाव सांगा."

शालूबाईंचे यजमान किसनराव, त्यांनी खाकरून स्वतःचं नाव सांगितलं.

"आवाज जुळत नाही."

"काका, बसवताना आवाज कुणाचा भरला?" शाकीरने विचारलं.

"हिचा. मी न्हाणीत व्हतो."

"मंग काकू, तवा जे बोलल्या तेच बोला, बराबर तसंच. आता दोनदाच बोलता येतंय. चुकलं तर पेटी कायमची बंद. चक्की न्हाई अन् पंपबी न्हाई."

शालूबाईंचा चेहरा उतरला. नवऱ्याचं नुसतं नाव त्यांनी जन्मात घेतलेलं नाही. कंपनीच्या माणसालाही त्यांनी उखाणाच ऐकवला होता, आणि कोणता, ते काही केल्या आठवेना! हसून हसून आमची पोटं दुखली. सून प्रियंका म्हणाली, महादेवाचा असेल. शालूबाईंनी डोक्यावर पदर घेऊन पेटीला महादेवाचा ऐकवला.

"आवाज जुळला. शब्द जुळत नाहीत."

आता मात्र आमचं हसू थांबलं. पंप गेला तर केळी वाळणार.

"दूध उतू गेलेला घे," किसनराव हळूच म्हणाले.

"तुमाला काय ठाव?"

"न्हाणीतून ऐकला. तवापासून पाठ हाय."

"काका, काहून लाजून राहिले?" शाकीरने विचारलं. किसनरावांचे कान लाल झाले होते.

शालूबाईंनी एका दमात म्हटलं,

"चुलीवर उतू गेलं दूध, दारात कंपनीचा पाव्हणा,
किसनरावांचं नाव घेते, आता तरी जावा ना!"

"स्वागत आहे," पेटी म्हणाली.

एकच गलका झाला! शाकीरने लॅपटॉपवरून 'फक्त पंपाला'चं कुलूप काढलं, वायर जोडली आणि चक्की घरघरायला लागली. पहिलं पीठ आम्ही एकमेकींच्या तोंडाला फासलं.

"काका, हे आवाजाचं कुलूपबी काढतो," शाकीर म्हणाला. "न्हाई तर चक्की लावताना काकूला दरवेळी हाच उखाणा घ्यावा लागंल."

किसनराव लगबगीने पेटीपुढे आडवे आले.

"ते तेवढं राहू दे."