चंद्राच्या दुधावर वाढलेलं गाढव

मी एक गाढव बोलतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधेमधे दात काढायचे नाहीत.

मी हाडामांसाचा नाही. कॉम्प्युटरवरच्या गेममधला आहे. पण अंगातला हट्ट अस्सल आहे, आणि तो कुठून आला ते सांगतो.

माझा जन्म एका ऑफिसात झाला. दुसरा मजला, पडदे खाली, बारा माणसं बारा काचांपुढं मान घालून बसलेली. शेजाऱ्याला पाणी हवंय का, हेसुद्धा टाइप करून विचारायची. मला घडवलं ती तिथली एक चित्रवाली पोरगी. दोन वर्षं साहेबानं तिच्याकडून नुसते दगड आणि गवत काढून घेतलं होतं. गेममध्ये तुम्ही ज्या धोंड्याला धडकता ना, तो तिचा. मी तिचं पहिलं जितंजागतं काम.

आता खरं सांगतो, मी आधी घोडा होतो. चांगला आठ दिवस घोडा होतो. नवव्या दिवशी साहेब माझ्यापुढं उभा राहिला, चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाला, "घोडे सगळ्यांकडेच आहेत. काहीतरी वेगळं द्या."

झालं. पोरीनं माझे पाय आखूड केले, कान धरून वर ओढले, आणि माझं गाढव झालं. माणसाचं व्हायला लग्न लागतं म्हणे. माझं एका वाक्यात झालं.

मग जो तो येऊन हात धुऊन घेऊ लागला. साहेब म्हणाला, डोळे निळे पेटवा. पेटवले. अंगावर लोखंडी पत्रे चढवा. चढवले. डाव्या डोळ्यावर एक जखमेचा वण काढा. जखम झालीच नव्हती, पण काढला. मानेवर केस एवढे सोडले की नवरीनं हेवा करावा.

राहिलेलं काम गोष्टवाल्यानं केलं. हा दाढीवाला गडी गेममधल्या प्रत्येकाला मागची गोष्ट लावून द्यायचा. त्यानं माझी लिहिली, 'हा गर्दभकुळाचा शेवटचा वारस. चंद्राच्या दुधावर वाढला. राक्षसानं याच्या धन्याला मारलं, आणि तेव्हापासून याच्या डोळ्यांत सूड जळतो आहे.'

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, असेल बाबा. आपला जन्म आपल्याला थोडाच आठवतो.

पण साहेबाचं मन भरेना. बुधवारी तो पोरीला म्हणाला, "यात जीव नाही. शुक्रवारी मी स्वतः चालवून बघतो. नाही जमलं तर हे गाढव काढून टाक, आणि तू आपली दगडांवर जा परत."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझं तर काय, मी पुसलाच जाणार होतो. तिनं जिन्यात जाऊन फोन लावला. कुणाला? मामाला.

हा तिचा मामा वीटभट्टीवरचा. तीस वर्षं गाढवांवर विटा वाहिलेला माणूस. तिकडून तो जे बोलला ते फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "गाढव काढायला शिकायला कॉलेजात गेलीस, आणि एकदासुद्धा माझ्याकडं बघायला आली नाहीस? थांब तिथंच!"

गुरुवारी मामा हजर. धोतराला विटांची लाल धूळ. चाकाची खुर्ची पुढं केली तर ती मागं पळाली. मामानं तिला एक शिवी दिली आणि उभाच राहिला. मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे काय आहे?"

"गाढव आहे, मामा."

"कोण म्हणतं?"

पोरीनं साहेबाच्या खुर्चीकडं बोट केलं.

"पोट कुठंय याचं? उपाशी ठेवलंय का? आणि हे खूर! अगं, हे घोड्याचे पसरट खूर. गाढवाचा खूर अरुंद आणि उभा असतो, म्हणून ते धोंड्यांतनं चालतं. शेपटी बघ, झाडू बांधलाय. गाढवाच्या शेपटीला शेवटी फक्त गोंडा. आणि हे केस कुणाचे चोरलेस? गाढवाची आयाळ आखूड, उभी, दात घासायच्या ब्रशासारखी. हे पत्रे कशाला?"

"लढाईला जातो ना तो."

"मग ओझं कुठं ठेवायचं, माझ्या डोक्यावर?"

मी भिंतीत तोंड लपवलं असतं, पण मला भिंत काढलेली नव्हती.

"कान हलवून दाखव." पोरीनं हलवले. दोन्ही एकदम फिरले. मामानं कपाळाला हात लावला. "एक इकडं, एक तिकडं! एकानं मालकाचं ऐकतं, दुसऱ्यानं जगाचं. आता ओरडायला लाव."

माझ्या नरड्यात वाघाची गुरगुर घातली होती. ती वाजली, आणि मामाचा तोल गेला.

"गप करा ते! ऐका." मामानं छाती भरून श्वास आत ओढला, त्याचीच एक शीळ निघाली, आणि मग जे काही बाहेर आलं त्यानं पडदे हलले. बारापैकी अकरा माणसं उभी राहिली. बारावा टेबलाखाली होता. पोरीनं मात्र डोकं चालवलं, ते सगळं रेकॉर्ड करून घेतलं. आज माझ्या नरड्यात मामाच ओरडतोय.

एवढ्यात गोष्टवाला आपला कागद घेऊन आला. मामाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटपर्यंत मामानं ऐकून घेतलं, हेच नवल.

"चंद्राचं दूध म्हणजे?"

"ती कल्पना आहे, काका. त्यानं पात्राला खोली येते."

"खोली राहू द्या, गोठा तरी द्या. आणि सूड कसला? धनी मेला तर गाढव दुसऱ्या दिवशी दुसऱ्या धन्याकडं कामाला जातं. सूड घेत बसलं तर खाईल काय?"

"पण मग त्याचं दुःख काय?"

"दुःख?" मामानं आपला शर्ट खांद्यावरनं खाली ओढला. दोरानं पडलेला घट्टा होता तिथं. "ओझं एका बाजूला जास्त बांधलं की पाठ सोलते. हे दुःख. रोज असतं. लिही!"

गोष्टवाल्यानं खरंच लिहून घेतलं. दाढी खाजवायची विसरला.

मग पोरीनं मला चालवून दाखवलं. चाबूक मारला की मी धावायचो. पूल असो, नाला असो, आग असो, मारला की सुसाट. मामाचा आवाज एकदम खाली आला. ओरडणारा माणूस हळू बोलला की भीती वाटते.

"हे मात्र काढून टाक, पोरी. नव्या जागेपुढं गाढव थांबतं. लोक म्हणतात अडलं. अडत नाही ते, बघत असतं. वाकून वास घेतं, पाय ठेवून बघतं. मारून पुढं गेलेलं गाढव मी पाहिलेलं नाही. आणि मी मारलंय, म्हणून सांगतो."

"मग करायचं काय?"

"हात काढायचा आणि गप बसायचं. बघून झालं की जातं."

पोरीनं त्या दिवशी जेवण केलं नाही. पत्रे उतरवले, डोळ्यांतलं निळं विझवलं, वण पुसला, पोट दिलं. पाठीवर आणि खांद्यावर काळी रेघ ओढली, तोंडाला पांढरं लावलं. दोन्ही बाजूंना सारखं ओझं बांधलं. आणि मला थांबायला शिकवलं.

शुक्रवारी साहेब बसला. हातात ते बटणांचं खेळणं. मामाही मागं उभा होता, भट्टीवर खाडा करून. सुरुवात बरी झाली. मी ओरडलो तर साहेब खुर्चीतनं उडाला आणि हसला. पोरीनं दोन दिवसांत पहिल्यांदा श्वास सोडला.

मग लाकडी पूल आला. मी थांबलो.

साहेबानं बटण दाबलं. मी उभा. दोनदा दाबलं, दहादा दाबलं. अंगठा लाल झाला साहेबाचा. मी आपला उभा. माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? बटण मानलं तर साहेब खूश, मी वाचलो, पोरगी वाचली. पण ती फळी मी कधी पाहिलेली नव्हती हो! मला अशीच शिकवण होती.

"बिघडलंय हे!" साहेबानं खेळणं टेबलावर आपटलं आणि खुर्ची पोरीकडं फिरवली. "दोन दिवस दिले तुला! धड चालत नाही! लोक पैसे देऊन अडेल जनावर विकत घेतील का? तुला सांगितलं होतं..." असं तो बोलत सुटला. शिस्त, वेळ, मेहनत, त्याच्या तरुणपणी तो किती काम करायचा, सगळं काढलं. पोरगी खाली बघत होती. मग हळूच तिनं वर बघितलं. गोष्टवाल्यानं वर बघितलं. एकेक करत सगळं ऑफिस साहेबाच्या डोक्यावरनं माझ्याकडं बघू लागलं.

साहेबानं शेवटी मागं वळून पाहिलं.

मी पुलापलीकडं उभा राहून झुडूप खात होतो.

"हे कुणी चालवलं?"

"कुणी नाही, साहेब," पोरगी म्हणाली. "तुम्ही बोलत होता, तेवढ्यात त्यानं बघून घेतलं."

साहेबानं खेळणं परत उचललं. त्यानं मला परत अलीकडं आणलं, दुसऱ्या वाटेनं नाल्यापाशी नेलं. मी थांबलो. त्यानं हात मांडीवर ठेवले आणि ओठ घट्ट मिटले. त्याला केवढा त्रास होत होता ते सगळ्यांना दिसत होतं. मी वास घेतला, एक पाय पाण्यात घातला, आणि गेलो.

"राहू द्या," तो म्हणाला. "डोळे तेवढे निळे करा."

"निळे नाहीत!" मामा मागनं ओरडला. आणि नाही झाले.

आता मी हजारो घरांत आहे. पोरीला दगडांवर परत जावं लागलं नाही, सध्या ती बैल काढतेय आणि मामाच्या शिव्या खातेय. मला शिव्या तुमच्या. पुलावर थांबलो की तुम्ही माझ्या आईबापांचा उद्धार करता. माझे आईबाप म्हणजे एक घोडा आणि एक साहेब, तेव्हा खुशाल करा. पण बटणं बडवू नका. अंगठा दुखेल, मी हलणार नाही.

हात काढा. पाणी प्या, घरातल्या माणसाशी दोन शब्द बोला. तोवर माझं बघून होतंय.