ओतणाऱ्याचा जबाब

बेळगुंदीचा भावकू फौंड्रीत लागला तेव्हा त्याला ओतकाम शिकवलं ते मष्णूनं. मष्णू गुंजीपलीकडच्या रानातल्या वाडीवरचा सिद्दी; पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले. काळाकुळकुळीत, दाट कुरळ्या केसांचा. बोलणं मात्र भावकूच्या घरच्यासारखंच. नवं कुणी कामावर आलं की हमखास विचारायचं, "हा कुठल्या देशाचा?" मष्णू म्हणायचा, "तुज्या पणज्याच्या आदीपासनं हितलाच हाय मी."

भट्टीतलं वितळलेलं लोखंड ओतायला कधी घ्यायचं, हे त्याला नुसत्या रंगावरनं कळायचं. "थांब रं. पिवळं पांढऱ्याकडं झुकू दे. तांबूस दिसलं की वतू नगं, माल वाया जातोय." सात वर्षं दोघांनी एकाच लॅडलची, वितळलेल्या लोखंडाच्या दांडीवाल्या पात्राची, दोन टोकं धरली.

एकदा पीएफच्या कामाला दोघांच्या पगाराच्या चिठ्ठ्या एकत्र निघाल्या. भावकूच्या चिठ्ठीवर 'कुशल कामगार', मष्णूच्या चिठ्ठीवर 'हेल्पर' आणि पगार जेमतेम निम्मा. मष्णू सुपरवायझर रविराजकडं गेला. रविराज हसला.

"अरे, तुम्ही सिद्दी माणसं. तुम्हाला कुठं धग लागते? भावकूला लागते, म्हणून त्याला जादा."

मष्णूनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. रविराजनं ते पाहिले आणि फोन घेतला. दुसऱ्याच दिवशी मष्णूनं कामगार अधिकाऱ्यांकडं तक्रार दिली.

चौकशीच्या आदल्या दिवशी रविराजनं भावकूला चहाला बोलावलं. "तुझ्या पोरीचा, सौम्याचा डिप्लोमा झाला म्हणे? डिझाईनला घेऊ तिला. उद्या कामगार खात्याचे साहेब एवढंच विचारतील, ओततं कोण."

भावकूनं चहा संपवला. नको म्हणाला नाही.

साहेब आले, भट्टीजवळ खुर्ची टाकून बसले. मष्णू समोरच उभा होता.

"हा ओततो काय?"

"न्हाय साहेब," भावकू म्हणाला. "वाळू वाहतोय. कदी लागलं तर टोक धरतोय."

"भावकू?" मष्णू एवढंच म्हणाला. भावकूनं खाली मान घालून सही केली.

तक्रार निकालात निघाली. हेल्परनं लॅडलला हात लावायचा नाही, असा रविराजनं हुकूम काढला आणि मष्णूच्या हातात खराटा दिला. आठ दिवस त्यानं जळकी वाळू झाडली. नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं कंपनीचे बूट काढून दाराशी ठेवले आणि अनवाणी निघून गेला.

सौम्या कामावर लागली. महिन्याभरानं जेवताना तिनं विचारलं, "आप्पा, आमच्यात सगळी म्हणतात, सिद्दी गेला आणि खराब माल वाढला. तुम्ही जबाबात काय सांगितलासा?"

भावकू भाकरी मोडत राहिला.

"रंग वळकायला त्यांनीच शिकवलं म्हणून तुम्हीच सांगायचासा न्हवं घरात?"

भावकूच्या बायकोनं, रुक्माबाईनं, लेकीला गप्प बसायची खूण केली. भावकू ताटावरनं उठला.

पुढच्या आठवड्यात रजा टाकून तो कामगार अधिकाऱ्यांकडं गेला. आपण खोटं बोललो, मष्णूच ओतायचा, आपल्यालाही त्यानंच शिकवलं, असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. साहेबांनी वाचलं. "हे मी ठेवून घेतो. पण फाईल बंद झालीय. तक्रारदारानं स्वतः अर्ज केला तर उघडता येईल."

एक नक्कल घेऊन रविवारी भावकू गुंजीला उतरला. वाडीवर मष्णूची बायको पूर्णिमा अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही.

"गोव्याला गेल्यात. रिसॉर्टात. पानं बांधून, तोंडाला रंग फासून पावण्यांम्होरं नाचत्यात. पाटीवर आफ्रिकेतनं आलेत म्हणून लिवलंय."

 भावकूनं कागद पुढं केला. तिनं वाचला, फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

"मष्णू, म्या चुकलो गा. खरं काय ते लिवून दिलोय. तू निस्ता अर्ज कर, पुढचं म्या बघतो."



"कागद पूर्णिमाकडं ठिव," मष्णू म्हणाला. "पर मी येत न्हाय. साहेब परत तुलाच इचारणार. तू काय म्हंतोस म्हणून परत तुज्या तोंडाकडं बघत हुबं ऱ्हायाचं... ते न्हाय जमायचं मला."

फोन बंद झाला. पूर्णिमानं कागदाची घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आणि पुन्हा मिरच्यांकडं वळली.

सोमवारी भावकूनं आपण होऊन रविराजला सगळं सांगितलं. रविराज चिडला नाही. संध्याकाळपर्यंत भावकूचं नाव हेल्परांच्या यादीत गेलं. लॅडलवर दोन नवी माणसं आली. "आता वतायचं का हो?" त्यांतल्या एकानं विचारलं. भावकूनं भट्टीतला रंग पाहिला; अजून पिवळाच होता.

"थांब," तो म्हणाला आणि वाळूची पाटी उचलून बाहेर गेला.